नाव उसनं की विडंबन खरं? साहसकथांच्या प्रौढ विडंबनपटांचा अभ्यास कसा करावा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही माध्यमशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहात आणि प्रबंधिकेचा विषय आहे साहसकथांची पडद्यावरची विडंबनं. त्यात १९७४ च्या 'फ्लेश गॉर्डन' या अमेरिकी प्रौढ विडंबनपटावर तुम्हाला एक प्रकरण लिहायचं आहे. मार्गदर्शकांच्या मते तो निव्वळ अश्लील आहे, अभ्यासण्यासारखं त्यात काही नाही. उलट कल्ट सिनेमाचे चाहते त्याला डोक्यावर घेतात. तुम्हाला त्याच्या दोन प्रती मिळाल्या आणि त्यांची लांबी जुळत नाही. शिवाय महाविद्यालयाच्या फिल्म क्लबमध्ये तो दाखवता येईल का, हेही तुम्हाला हवं आहे.

मी बरीच वर्षं चित्रपट-आस्वादाचे वर्ग घेते आणि फिल्म सोसायटीसाठी चित्रपट निवडते, त्या अनुभवावरून लिहिते. तुम्ही आणि तुमचे मार्गदर्शक 'कला की अश्लीलता' या वादात अडकला आहात असं मला दिसतं. त्या वाटेने गेलात तर प्रकरण बचावाचं भाषण होईल. अश्लील असूनही चित्रपट अभ्यासण्याजोगा असू शकतो, आणि सोज्वळ असूनही टाकाऊ असू शकतो. खरा प्रश्न निराळा आहे: हा चित्रपट मूळ साहसकथेशी काही खेळतो का, की पोस्टरवर गिऱ्हाईक ओढायला तिचं नाव फक्त उसनं घेतो? याचं उत्तर चित्रपटागणिक बदलतं. एकाच चित्रपटात दृश्यागणिकही बदलतं, आणि कोणती प्रत पाहिली यावर तर फारच अवलंबून असतं.

आधी मूळ कथा नीट डोळ्यांखालून घाला. ती आहे 'फ्लॅश गॉर्डन'; विडंबनाच्या नावातला 'फ्लेश' (देह) हा त्यावरचाच श्लेष. 'फ्लॅश गॉर्डन' ही अ‍ॅलेक्स रेमंडची चित्रकथा जानेवारी १९३४ मध्ये वर्तमानपत्रांतून सुरू झाली. युनिव्हर्सलने १९३६ मध्ये तिच्यावर १३ भागांचा मालिकापट काढला, पुढे १९३८ आणि १९४० मध्ये आणखी दोन. नायक होता बस्टर क्रॅब, १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवलेला. दर आठवड्याला एक भाग, शेवटी नायक मरणाच्या दारात आणि 'पुढील भाग पुढच्या आठवड्यात'. १९५० च्या दशकात हे भाग अमेरिकी टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवले गेले. म्हणजे १९७० च्या आसपास जे तरुण कॅमेरा हातात घेत होते, त्यांच्या लहानपणात हा माणूस रोज घरी येत होता. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विडंबन करणाऱ्याला मूळ कृती तोंडपाठ लागते, आणि या लोकांना ती तोंडपाठ होती.

आता हा मालिकापट प्रौढ नजरेने पाहा. मोंगो ग्रहाचा सम्राट मिंग याला फ्लॅशची सोबतीण डेल हिच्याशी लग्न करायचं आहे. त्याच्या मुलीला, राजकन्या ऑराला, फ्लॅश हवा आहे. अर्धं कथानक या दोन इच्छांवर चालतं. पण पडद्यावर काय दाखवायचं नाही हे ठरवणारी हॉलिवूडची आचारसंहिता १९३४ पासून कडकपणे लागू झालेली, त्यामुळे इच्छा आहे आणि तिचा उच्चार नाही. डेल झालेल्या जीन रॉजर्सचा १९३६ मधला तोकडा पोशाख दुसऱ्या मालिकेत अंगभर झाला, यावरूनही ही ओढाताण कळते. प्रौढ विडंबनकाराने बाहेरून आणून काही चिकटवलेलं नाही. मूळ कथेनं जे दाबून ठेवलं होतं तेच त्यानं पुढे ओढलं. साहसकथाच विडंबनाला का निवडतात, याचं एक उत्तर इथे आहे. दुसरं उत्तर रचनेत आहे. साहसकथा मुक्कामामुक्कामाने चालते: नवं बेट, नवं राज्य, नवी राणी, नवं संकट. प्रौढ चित्रपटालाही सुटे सुटे प्रसंग हवे असतात, आणि ते ओवायला दोरा हवा असतो. हा दोरा साहसकथेत आयताच मिळतो. तिसरं कारण पैशाचं: नायकाचं नाव आणि पोशाख सगळ्यांच्या ओळखीचा असल्यामुळे जाहिरातीत काही समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून त्या काळात असे चित्रपट रांगेने निघाले. 'ट्रेडर हॉर्न' या १९३१ च्या आफ्रिकी साहसपटाचं विडंबन डेव्हिड फ्रीडमन या निर्मात्याने १९७० मध्ये केलं, १९७२ मध्ये झोरोवर हात फिरवला. रॉबिन हूडवरही असा चित्रपट निघाला. पण यांतल्या पुष्कळांत तलवार, मुखवटा आणि घोडा या पलीकडे मूळ कथेचं काही उरत नाही, असं माझं मत आहे. तुमच्या प्रबंधिकेत त्यांच्यावर एखादा परिच्छेद पुरे.

वर्गात मी दुहेरी कसोटी लावते. एक: दृश्यातली नग्नता मनातल्या मनात वगळा आणि पाहा, मूळ कथेशी चाललेला खेळ उरतो का? दोन: मूळ कथा ज्याला अजिबात माहीत नाही अशा माणसाला ते दृश्य दाखवलं असं समजा, तो तितकाच हसेल का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' आलं, तर ते विडंबन. आपल्याकडे आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूची फुलें' (१९२५) मधल्या कविता ज्याने रविकिरण मंडळाच्या कविता वाचून मग वाचल्या, त्याला त्यातली खरी चव कळते. नुसतं यमकाला हसणारा माणूस अर्धाच हसतो. इथेही तसंच आहे.

'फ्लेश गॉर्डन'ची सुरुवात या कसोटीवर घासून पाहा. मूळ मालिकेत मोंगो ग्रह पृथ्वीच्या दिशेने येतोय, विमान वादळात सापडतं, फ्लॅश आणि डेल हवाई छत्रीने उतरतात, त्यांना एक तऱ्हेवाईक शास्त्रज्ञ भेटतो आणि तिघं त्याच्या अग्निबाणातून निघतात. विडंबनात पृथ्वीवर परक्या ग्रहावरून कामोत्तेजक किरण सोडला जातो, विमानातल्या सगळ्यांचं भान सुटतं, चालकसुद्धा सुकाणू सोडून उठतात, आणि मग तेच: छत्री, शास्त्रज्ञ, अग्निबाण. पायरीला पायरी जुळते. मिंगचा वँग झालाय, मोंगो ग्रहाचं नाव पोर्नो झालंय, जंगलचा राजपुत्र, जादूची राणी, सगळे आपापल्या जागी आहेत. नग्नता वगळली तरी हा खेळ उरतो. मूळ न पाहिलेल्या माणसाला मात्र यात काही विशेष दिसणार नाही. एवढा एक भाग तुम्ही दोन रकान्यांत समोरासमोर मांडलात, तर तुमच्या मार्गदर्शकांशी बोलणं पुष्कळ सोपं होईल.

मधल्या भागात हीच कसोटी लावली की चित्रपट बऱ्याच ठिकाणी नापास होतो, हेही लिहा. दरबारातली लांबलेली दृश्यं मूळ कथेशी कुठेच बोलत नाहीत. तिथे चित्रपट आपल्या दुसऱ्या धंद्याकडे वळलेला असतो. दिग्दर्शक मायकेल बेनव्हेनिस्टे आणि हॉवर्ड झीम. निर्माते झीम आणि बिल ऑस्को यांनी त्याआधी १९७० मध्ये 'मोना' काढला होता, अमेरिकेत कथानक असलेल्या उघड लैंगिक चित्रपटांतला अगदी सुरुवातीचा. या मंडळींच्या चित्रपटात दोन इच्छा एकाच वेळी नांदत होत्या, आणि प्रत्येक दृश्यात कुणाची सरशी झाली हे वेगवेगळं दिसतं.

आता ज्या भागासाठी हा चित्रपट अजून लक्षात ठेवला जातो, तिथे थोडं थांबते. 'फ्लेश गॉर्डन'मधली ट्रिक-दृश्यं त्या दर्जाच्या चित्रपटात असायला नकोत इतकी चांगली आहेत. कारण साधं आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मोठ्या स्टुडिओंनी आपले स्पेशल इफेक्ट्सचे विभाग आवरते घेतले होते. राक्षस, छोट्या प्रतिकृती, रंगवलेली पार्श्वभूमी हे करण्याची ओढ असलेली पोरं लॉस एंजेलिसच्या आसपास भरपूर होती, आणि काम नव्हतं. एका चावट चित्रपटाने त्यांना काम दिलं. माइक मायनर, ग्रेग जाइन, रिक बेकर, डेव्ह अ‍ॅलन, जिम डॅनफोर्थ ही नावं पाहा. ग्रेग जाइनने पुढे १९७७ च्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'मधल्या प्रचंड अंतराळयानाची प्रतिकृती केली. ती आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. रिक बेकरला 'अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'च्या रंगभूषेसाठी ऑस्कर मिळालं आणि नंतर आणखी सहा. माइक मायनर 'स्टार ट्रेक'च्या चित्रपटांवर होता. डेव्ह अ‍ॅलनला 'यंग शेरलॉक होम्स'साठी ऑस्करचं नामांकन मिळालं. डॅनफोर्थ तर त्याआधीच दोनदा नामांकन मिळालेला, मुरलेला माणूस होता. विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या वर्तुळातलीही बरीच मंडळी रंगभूषा, सामानसुमान आणि पोस्टरसाठी आली होती.

यातलं मुख्य तंत्र स्टॉप-मोशन. सांध्यांचा धातूचा सापळा, त्यावर रबराचं अंग, आणि प्रत्येक चौकटीसाठी बाहुली केसभर हलवायची. पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी लागतात, म्हणजे दहा सेकंदांच्या झटापटीसाठी २४० चौकटींचा हिशोब. त्यात समोर खरा नट तलवार चालवतोय आणि त्याच्या वाराला बाहुलीने उत्तर द्यायचं आहे, हे जुळवणं फार जिकिरीचं. 'फ्लेश गॉर्डन'मध्ये नायक एका कीटकमानवाशी तलवारीने लढतो. स्टॉप-मोशनचा उस्ताद रे हॅरीहाउसेन याच्या 'द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद' (१९५८) मधली सांगाड्याशी झालेली लढाई ज्याने पाहिली आहे, त्याला हे दृश्य कुठून आलं ते लगेच कळतं. शेवटी अवाढव्य दैत्य डेलला मुठीत धरून मनोऱ्यावर चढतो, ते १९३३ च्या 'किंग काँग'मधून. त्या दैत्याचा कुरकुरणारा, आळसावलेला आवाज क्रेग टी. नेल्सनचा आहे. हा नट पुढे 'पोल्टरगाइस्ट'मधला बाप म्हणून सगळ्यांना माहीत झाला. हॉलिवूडच्या राक्षसाने डरकाळी फोडायची असते, हा मात्र चालता चालता स्वतःशी पुटपुटतो. विनोदाची ही जागा माझ्या मते संपूर्ण चित्रपटात सर्वांत उत्तम आहे, आणि तिच्यात लैंगिक काहीही नाही.

एक बारकावा तुमच्या प्रकरणात जरूर घ्या. त्या दैत्याला बनवणाऱ्यांनी टोपणनाव दिलं होतं ते 'हॅरीहाउसेन' हे आडनाव रोमन लिपीत उलटं लिहून. आणि श्रेयनामावलीत जिम डॅनफोर्थचं नावही उलट्या अक्षरांनी छापलं आहे. युक्ती एकच, पण पहिल्या वेळी ती गुरूला वंदन म्हणून वापरली आणि दुसऱ्या वेळी, माझ्या वाचनाप्रमाणे, नामांकित माणसाचं नाव अशा चित्रपटावर थेट दिसू नये म्हणून. या चित्रपटाला आपल्या मूळ दैवतांबद्दल वाटणारं प्रेम आणि बनवणाऱ्यांना वाटणारा संकोच, दोन्ही त्या उलट्या अक्षरांत दिसतात.

काळाचा संदर्भ दिल्याशिवाय हे प्रकरण उभं राहणार नाही. अमेरिकेत नोव्हेंबर १९६८ मध्ये चित्रपटांची नवी वर्गवारी आली. त्यातलं 'एक्स' हे फक्त प्रौढांसाठीचं चिन्ह नोंदणीकृत नव्हतं, त्यामुळे कुणीही ते आपल्या चित्रपटाला लावू शकत होता. १९७२ मध्ये 'डीप थ्रोट' या उघड लैंगिक चित्रपटाच्या यशानंतर असे चित्रपट मध्यमवर्गीय जोडपी उघडपणे पाहू लागली. लगेच जून १९७३ मध्ये 'मिलर विरुद्ध कॅलिफोर्निया' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलता ठरवायला स्थानिक समाजाची मापं लावण्याची मुभा दिली. एका शहरात चाललेला चित्रपट दुसऱ्या शहरात जप्त होऊ शकेल अशी स्थिती आली. 'फ्लेश गॉर्डन'चं चित्रीकरण १९७१ चं, प्रदर्शन १९७४ चं. मधल्या काळात पायाखालची जमीनच हलली होती. सुरुवातीला उघड लैंगिक स्वरूपात चित्रित केलेली काही दृश्यं प्रदर्शित प्रतीत आली नाहीत. विनोद, नग्नता आणि राक्षस एवढंच ठेवलेला चित्रपट जास्त गावांत लावता येत होता. म्हणजे आज आपण ज्याला 'मिश्कील' म्हणतो तो स्वर काही अंशी कायद्याच्या धाकातून आला, असं मी मानते. त्याच निकालात एक अट होती, की कलाकृतीला गंभीर साहित्यिक, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक मूल्य असेल तर ती अश्लील ठरत नाही. विडंबन या शब्दाचं वजन त्यामुळेही वाढलं.

हक्कांचा प्रश्न याच्याशी जोडलेला, पण वेगळा आहे. चित्रपटाच्या आरंभी मजकूर सरकतो: मंदीने थकलेल्या अमेरिकेला रिझवणाऱ्या जुन्या महानायकांना हे वंदन आहे, आणि हा चित्रपट त्यांच्या शैलीतला थट्टेचा प्रकार आहे, अशा अर्थाचा. ते प्रेमही आहे आणि वकिली कुंपणही आहे. कुंपण का लागतं, हे दोन खटल्यांवरून कळेल. १९७१ मध्ये मुख्य प्रवाहाबाहेरच्या काही 'अंडरग्राउंड' व्यंगचित्रकारांनी मिकी माउसला प्रौढ प्रसंगांत रंगवलं. १९७८ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने डिस्नेच्या बाजूने कौल दिला, कारण विडंबनाला लागतं त्याहून जास्त नक्कल केली गेली होती. याउलट 'टारझून' हा पिशा आणि बोरिस शुल्झिंगर यांचा १९७५ चा फ्रेंच-बेल्जियन अ‍ॅनिमेशनपट घ्या. टारझनच्या जनकाच्या वारसांनी त्याला फ्रान्समध्ये न्यायालयात खेचलं आणि ते हरले. तिथल्या १९५७ च्या कायद्यात विडंबनाला स्पष्ट जागा आहे. हाच चित्रपट १९७९ मध्ये अमेरिकेत गेला तेव्हा मात्र शीर्षकातून 'टारझून' हे नाव गळालं होतं आणि तो 'शेम ऑफ द जंगल' म्हणून लागला. एकच कृती एका देशात कायदेशीर विडंबन, दुसऱ्या देशात नाव बदलून प्रदर्शित. अमेरिकेत विडंबनाला न्याय्य वापराचा (परवानगीशिवाय मर्यादित वापर करण्याच्या मुभेचा) भक्कम आधार सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९९४ मध्ये, 'प्रिटी वुमन' गाण्याच्या खटल्यात.

ज्यांना हा त्रास नको होता, ते जुन्या पुस्तकांकडे वळले. बिल ऑस्कोनेच १९७६ मध्ये 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'चा प्रौढ संगीतपट काढला. लुइस कॅरलचं पुस्तक १८६५ चं, त्यावर कुणाची मालकी उरलेली नव्हती. तो साहसकथेच्या काठावरचा आहे, पण तुलनेला उत्तम आहे, कारण तिथे खेळाचा रोख वेगळा आहे. 'फ्लेश गॉर्डन' एका विशिष्ट मालिकापटाची, त्याच्या धुराची आणि पुठ्ठ्याच्या अग्निबाणांची नक्कल करतो. 'अ‍ॅलिस' मात्र पुस्तकाची रचना घेऊन एका संकोची तरुणीच्या मोठं होण्याची गोष्ट सांगतो. नायिका क्रिस्टिन डीबेल पुढे 'मीटबॉल्स' (१९७९) आणि जॅकी चॅनच्या 'द बिग ब्रॉल' (१९८०) मध्ये दिसली. वेळ असेल तर या दोघांना समोरासमोर ठेवा. प्रकरणाला धार येईल.

आता न आवडणारं. जबरदस्तीवर केलेले विनोद 'फ्लेश गॉर्डन'मध्ये आहेत, समलिंगी पात्रांची टिंगल आहे, आणि ती आज बघताना अंगावर येते. 'त्या काळात असंच होतं' असं म्हणून पुढे जाऊ नका. मूळ मालिकेतही मिंगच्या चेहऱ्यात आशियाई माणसाबद्दलची भीती भरलेली होती, आणि विडंबनाने त्या भीतीची चिकित्सा करायची सोडून ती तशीच उचलली. विडंबन नेहमी बंडखोर असतं हा समज अशा जागी तुटतो. दुसरं, श्रेयाचं. प्रतिकृती आणि राक्षस बनवणाऱ्या पुरुषांची नावं आज ऑस्करच्या यादीत सापडतात, त्यांच्या मुलाखती होतात. ज्या नटनट्यांच्या शरीरावर चित्रपट विकला गेला, त्यांच्यापैकी कितीतरी जण टोपणनावामागे राहिले, आणि कल्ट सिनेमावरचं बरंच लेखन त्यांना ओलांडून थेट राक्षसाकडे जातं. वर मीही राक्षसावरच जास्त लिहिलं आहे, कारण तिथली माहिती मिळते. तुमच्या प्रकरणात ही विषमता नोंदवलीत तर ते जास्त प्रामाणिक होईल.

प्रतींच्या लांबीकडे येते. चित्रपटगृहात लागलेली प्रत सुमारे ७८ मिनिटांची, आणि नंतर घरगुती वापरासाठी आलेली वर्गवारीविना प्रत सुमारे ९० मिनिटांची. तुमच्याकडची लांबी यांच्या अधेमधे येत असेल तर लगेच 'कापलेली प्रत' असं लिहू नका. युरोपातल्या जुन्या पॅल पद्धतीच्या डीव्हीडीत चित्रपट सेकंदाला २५ चौकटींनी धावतो, त्यामुळे ९० मिनिटांचा चित्रपट काहीही न कापता ८६ मिनिटांच्या आसपास येतो. म्हणून मी मिनिटांवर विसंबत नाही, दृश्यांची यादी करते: दृश्य, कुठे सुरू, कुठे संपतं, कोणत्या प्रतीत आहे. कंटाळवाणं काम आहे, पण या चित्रप्रकारात याला पर्याय नाही. एकाच चित्रीकरणातून अनेक बाजारांसाठी अनेक प्रती काढायच्या, हीच इथली रीत. 'अ‍ॅलिस'ची सौम्य प्रत चित्रपटगृहांत आणि उघड प्रत नंतर व्हिडिओवर. २००५ च्या 'पायरेट्स' या चाच्यांच्या विडंबनाचं खर्चिक निर्मितीमूल्य गाजलं, आणि पुढच्याच वर्षी त्याचीही सौम्य केलेली प्रत दुकानांत आली. तुमची आणि मार्गदर्शकांची मतं इतकी वेगळी आहेत, तर दोघांनी पाहिलेली प्रत एकच आहे ना, हेही विचारून घ्या.

शक्य असेल तिथे मूळ निगेटिव्हवरून केलेली अधिकृत प्रत वापरा. अशा चित्रपटांच्या निर्मितीसंस्था बुडाल्या, लॅबनी डबे फेकून दिले, रिळं गोदामात सडली. १९९० मध्ये माइक व्रेनीने सुरू केलेली समथिंग वीअर्ड व्हिडिओ, २०१२ पासूनची व्हिनेगर सिन्ड्रोम, ऑस्टिनचं अमेरिकन जॉनर फिल्म आर्काइव्ह यांनी या प्रकारातली पुष्कळ रिळं वाचवली. इंटरनेटवरची धूसर, रंग उडालेली नक्कल पाहून चित्रीकरणाबद्दल किंवा ट्रिकच्या दर्जाबद्दल कुठलंही विधान करू नये, असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

फिल्म क्लबबद्दल माझं उत्तर 'नको' असं आहे. भारतात सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ प्रमाणे प्रमाणपत्राशिवाय जाहीर प्रदर्शन करता येत नाही, आणि सूट द्यायचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्ये अश्लील मजकुराचं प्रदर्शन आणि प्रसार गुन्हा आहे, मग ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असलं तरी. त्यामुळे ग्रुपवर लिंक किंवा फाइल फिरवणंही टाळा. महाविद्यालय काय भूमिका घेईल, तिथले वकील काय म्हणतील, यावर बाकीचं अवलंबून आहे. हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. २००९ मध्ये मेरीलँड विद्यापीठात 'पायरेट्स'चा दुसरा भाग दाखवायचा ठरला, तेव्हा राज्याच्या एका सिनेटरने विद्यापीठाचा निधी रोखायचा प्रस्ताव आणला. शेवटी विद्यार्थ्यांनी चर्चेसोबत त्याचा थोडाच भाग दाखवला.

क्लबमध्ये विषय घ्यायचाच असेल तर चित्रपट न दाखवता घ्या. १९३६ च्या मालिकेतल्या पहिल्या भागावर बोला, स्टॉप-मोशनवर बोला, जाइन आणि बेकर यांच्या पुढच्या कामाकडे या, आणि विडंबनाचा आरंभीचा मजकूर वाचून दाखवा. येणाऱ्यांना आधी कल्पना द्या की चर्चेत प्रौढ विषय येईल. ज्याला थांबायचं नाही त्याला उठून जाता आलं पाहिजे, आणि त्याला कुणी कारण विचारू नये.

प्रबंधिकेत समीक्षेसाठी वर्णन करायला आणि मोजकी अवतरणं द्यायला प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ चा आधार आहे. स्थिरचित्रं दोन-तीनच घ्या, आणि ती राक्षस, अग्निबाण, कीटकमानव यांची असू द्या. कारण तुमचा मुद्दा तिथे आहे. प्रत्येक उल्लेखाजवळ कोणती प्रत, कोणत्या वर्षाची, किती लांबीची हे लिहा. दृश्यांची यादी तयार झाली की इथेच टाका. तुमच्या दोन प्रतींतला फरक कापाकापीचा आहे की वेगाचा, ते आपण मिळून जुळवून पाहू.